विष्णूदादांना टॅकल कसं करायचं?

फिजिओच्या टेबलावर माणूस आडवा झाला की बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, हलायचं नाही, मोबाइल बॅगेत राहिलेला. बिचारा करणार काय? बोलतो! कुणी कोचबद्दल, कुणी मेसच्या भाजीबद्दल, कुणी होणाऱ्या बायकोबद्दल. त्यामुळं आमच्या फुटबॉल क्लबातले निम्मेअधिक किस्से माझ्याकडेच साठलेत. गुलमंडीत घरी बसून मैत्रिणींना सांगायला लागले की त्या विचारतात, "वैशाली, तू तिथं पोरांचे पाय बघायला जातेस का कान भरून घ्यायला?" दोन्ही गं बायांनो, दोन्ही!

तुम्हाला आधी थोडं सांगून ठेवते. आमच्या क्लबची एक सीनियर टीम आहे, पगारी खेळाडूंची, लीगमध्ये खेळणारी. तिच्याखाली पोरांची अकॅडमी. ही पोरं हॉस्टेलवर राहतात, आणि अठरा पूर्ण झाली की एक तर सीनियर टीममध्ये जातात, नाहीतर बॅग भरून घरी. अकॅडमी बघतात ते कदीर सर, जुन्या शहरातले, साठीला टेकलेले, आवाज असा की मेसमधली मांजर उठून जाते. सीनियर टीमचे कोच थॉमस सर केरळचे, मराठीचा गंध नाही. आणि मी? मैदानात कुणी लोळायला लागलं की थंड स्प्रे आणि पाण्याची बाटली घेऊन पळत सुटते ती बाई.

*

समाधान करमाडचा. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव सांभाळणारा. अकॅडमीच्या मॅचमध्ये त्याच्या बाजूनं जायची कुणाची छाती व्हायची नाही. कदीर सरांनी थॉमस सरांच्या मागं लागून त्याला सीनियर टीमच्या प्रॅक्टिसला उभं केलं. समोर कोण? आमचे कॅप्टन विष्णूदादा! वैजापूरकडचे, उजव्या विंगवर खेळणारे, तिशी ओलांडलेली, तरी भल्याभल्यांना घुमवणारे. त्यांना सगळा क्लब दादा म्हणतो. मी वयानं मोठी आहे, मीसुद्धा म्हणते.

दादांनी बॉल घेतला. एक हुलकावणी दिली, दुसरी दिली. समाधान हलला नाही. तिसरी द्यायच्या आत त्यानं अलगद पाय घातला आणि बॉल काढून घेतला. इतका स्वच्छ, की मी हातातली बाटली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. थॉमस सर खुर्चीतून उठले.

आता पोरानं काय करावं? पुढं सगळं मैदान मोकळं. हा दोन पावलं गेला, थांबला, वळला आणि बॉल परत विष्णूदादांच्या पायात नेऊन दिला.

थॉमस सरांची शिट्टी तोंडातच राहिली. "बॉल वापस क्यूं दिया? व्हाय?"

समाधान मान खाली घालून म्हणाला, "सर, त्यांचाच होता."

*

हे असं का, ते मला त्याच्या पोटरीत गोळा आला त्या दिवशी कळलं. घरात हा सगळ्यांत धाकटा. सख्खे-चुलत मिळून भावांची अख्खी टीमच आहे. एकत्र कुटुंब. पाण्याचा तांब्या आधी मोठ्यांकडं, टीव्हीचा रिमोट मोठ्यांकडं, जीपमध्ये खिडकीची जागा मोठ्यांकडं. याच्या वाट्याला सगळं शेवटी यायचं, आणि त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं.

वाटत होतं ते वेगळंच. मे महिन्यात त्याला अठरा पूर्ण होणार होती. मोठ्या भावानं शेंद्र्याच्या कंपनीत सुपरवायझरशी बोलून ठेवलं होतं. टीममध्ये नाही घेतलं तर जूनपासून कामावर.

टेबलावर पालथा पडल्या पडल्या तो म्हणाला, "मॅडम, मला कंपनीत नाय जायचं. मला हितंच खेळायचंय."

"मग हे थॉमस सरांना सांगितलंस का?"

"मोठ्या माणसांला असं कसं सांगावं, मॅडम?"

मला त्याचा इतका राग आला, आणि इतकी मायाही आली, की मी पोटरी जरा जास्तच जोरात दाबली. ओरडलासुद्धा नाही मेला.

*

दुसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा थॉमस सरांनी त्याला सीनियर टीमबरोबर जेवायलाही बसवलं. म्हणाले, एकत्र खातील तर एकत्र खेळतील. कल्पना उत्तम! संध्याकाळच्या प्रॅक्टिसला समाधान पहिल्याच पळण्यात डोळे पांढरे करून खाली बसला. मी धावले. घाम गार, नाडी बारीक.

"दुपारी काय खाल्लंस?"

त्यानं बाटलीकडं हात केला.

"अरे, जेवलास का नाही?"

मग विष्णूदादांनीच सांगितलं. पठ्ठ्या जेवायला बसलाच नव्हता. सगळ्यांना वाढत होता. कुणाला रस्सा, कुणाला पोळी, कुणाला पाणी. सीनियर प्लेअरनाही वाटलं, मेसमध्ये नवीन पोरगा लागला असेल! एकानं तर त्याला लिंबू आणायला पिटाळलं होतं.

मी म्हटलं, "समाधान, सगळे उठल्यावर तरी खायचं होतंस!"

तर म्हणतो, "बसनार व्हतो मॅडम. पन एक दादा ताक पीतच व्हते."

*

कदीर सर भडकले. त्यांनी अख्ख्या अकॅडमीला रांगेत उभं केलं आणि फर्मान काढलं. "आज से मैदान पे कोई दादा नहीं, कोई भाई नहीं, कोई सर नहीं! खाली नाम! 'दादा, पीछे आदमी है दादा' बोलने तक बॉल जालने को पहुँच जाता! समझे?"

पोरं म्हणाली, "हो सर."

"फिर सर?"

सराव म्हणून स्वतः कदीर सर मध्ये उभे राहिले. म्हणाले, मला नावानं हाक मारून पास मागा. कुणाची जीभ रेटेना. कुणी नुसते हात हलवतंय, कुणी खाकरतंय. शेवटी आमचा गोलकीपर फैजान, सरांच्याच मोहल्ल्यातला, डोळे मिटून ओरडला, "ए कदीर! इधर दे ना!"

सरांचा उजवा हात आपोआप वर गेला. अर्ध्यातच त्यांना आठवलं असावं, त्याच हातानं त्यांनी कान खाजवला. फैजानला पास दिला. "बहुत अच्छे," म्हणाले.

पोरांनी श्वास सोडला. फैजान बॉल घेऊन निघाला, तेवढ्यात मागून आवाज आला, "लेकिन वो 'ए' लगाने कू किसने बोला था रे?"

*

सवय लागली बरं का! महिन्याभरात पोरं मैदानावर एकमेकांना नावानं पुकारायला लागली, समाधानसुद्धा. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. तेवढ्यात सुट्टी आली आणि तो करमाडला गेला.

सकाळची वेळ. त्याचे चुलते नामदेवराव ट्रॅक्टर मागं घेत होते. मागं पाण्याचा हौद. समाधान अंगणात दात घासत होता. त्याला दिसलं, टायर कठड्याला लागतोय. आणि पोरगं, तोंडात ब्रश तसाच, मैदानावर ओरडतात तसं ओरडलं, "नामदेव! मागं बघ!"

नामदेवरावांनी करकचून ब्रेक दाबला. ट्रॅक्टर वीतभर अंतरावर थांबला. ते खाली उतरले. आधी मागं जाऊन टायर बघितला, हौद बघितला. मग समाधानपाशी आले आणि एक सणसणीत ठेवून दिली.

दुपारी त्यांचा कदीर सरांना फोन. मी समोरच बसले होते, फोन स्पीकरवर.

"सर, तुमी आमच्या पोराला काय शिकवायलेत तिथं?"

"क्यूं, ट्रॅक्टर बच गया ना?"

"ट्रॅक्टर वाचला हो! ते बरंच झालं. पन भिंतीवरून निम्मं गाव बघायलं व्हतं, त्याचं काय?"

*

नावानं हाक मारणं जमलं, पण पाय घालणं काही जमेना. बाकी कुणाकडूनही तो बॉल काढायचा. विष्णूदादा समोर आले, की अदबीनं बाजूला. थॉमस सर मला म्हणाले, जो आपल्याच कॅप्टनला अडवत नाही तो दुसऱ्यांच्या कॅप्टनला काय अडवणार? बरोबरच होतं त्यांचं. मार्च अर्धा उलटला होता, आणि मलाच धडकी भरायला लागली होती.

विष्णूदादांचा गुडघा तेव्हा कुरकुरत होता. टेबलावर पडले होते. मी म्हटलं, "दादा, तुम्ही तरी सांगा त्याला."

ते छताकडं बघत म्हणाले, "खरं सांगू का मॅडम? ते पोरगं मला सोडतंय म्हणून थॉमस सरांना वाटतंय, विष्णू अजून जोरात हाय. मलाबी तसंच वाटाया लागलंय. बरं वाटतं हो!"

आणि हसले. मी बर्फाची पिशवी बदलली.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी त्यांनी समाधानला बाजूला घेतलं. मी बाटल्या भरत होते, सगळं ऐकू आलं.

"समाधान, तुमच्या रानाला बांध हाय का?"

"हाय की, दादा."

"शेजारी कोन?"

"भावकीच हाय."

"बांध कोरतेत का?"

समाधानचा चेहरा एकदम बदलला. "दर साली कोरतेत, दादा. नांगरताना मुद्दाम एक तास आमच्याकडं घेतेत."

"मग आजपासून मी दादा नाय," विष्णूदादा म्हणाले. "मी तुझा बांध कोरणारा भावकीतला माणूस. आता ये."

पहिला बॉल. दादा आपल्या नेहमीच्या ऐटीत निघाले. समाधान असा आला, असा आला, की बॉल एकीकडं, दादा दुसरीकडं आणि दादांचा बूट तिसरीकडं! बॉल घेऊन पोरगं पार दुसऱ्या टोकाला पोचलंसुद्धा. मागं वळून बघितलं नाही.

मी स्प्रे घेऊन पळाले. दादा उताणे पडलेले, डोळे आभाळाकडं. म्हटलं, "दादा, कुठं लागलं?"

"लागलं नाय मॅडम," ते म्हणाले. "पन ह्यांच्या बांधाची भानगड लई जुनी दिसते."

थॉमस सरांना हे सगळं समजावून सांगता सांगता माझी दमछाक झाली. बांध म्हणजे काय, भावकी म्हणजे काय, नांगराचं तास म्हणजे काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "वैशाली, केरला में भी सेम है."

*

समाधान सीनियर टीमच्या राखीव खेळाडूंत आला. पण ते नुसतं मॅचपुरतं. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते थॉमस सर सीझनच्या शेवटी ठरवणार होते. आणि ठरवणार कशावर? पोरगं मैदानात उतरेल तेव्हा ना! मॅचमागून मॅच जात होती आणि हा बेंचवरच.

घरच्या मैदानावर मॅच असली, की करमाडहून पिकअप भरून माणसं यायची. सगळे भाऊ, नामदेवराव (त्यांचा राग ट्रॅक्टरबरोबर निवळला होता), शेजारपाजारची पोरं. शिट्ट्या, ढोलकी, सगळं. दीड तास समाधान बसलेला बघायचे आणि पिकअप भरून परत जायचे.

तिसऱ्या वेळी मोठा भाऊ मला गेटवर भेटला. चेहरा पडलेला. "मॅडम, येक इचारू का? ह्याला खेळवनार हायेत का नाय?"

"खेळवतील हो. धीर धरा."

"धीर हाय मॅडम," तो म्हणाला. "पन नुसतं बसायचंच असंल तर कंपनीत खुर्ची बरी. वर पंखा तरी असतो."

मी हसले, पण घरी जाताना ते आठवून हसू आलं नाही. मलाही आतून वाटायला लागलं होतं, की हे पोरगं जाणार.

*

आता शेवटचा किस्सा सांगते. सीझनची शेवटची घरची मॅच. आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि समोरची टीम नुसती चढून आलेली. आमचे बचावपटू जीभ बाहेर काढून पळतायत, बॉल आमच्याच गोलसमोरून हलायला तयार नाही. मिनिटं थोडीच उरली होती, पण ती सरता सरत नव्हती. विष्णूदादा गुडघा धरून चालायला लागले होते.

थॉमस सर वळले आणि ओरडले, "समाधान!"

पोरगं उठलं. त्यानं ट्रॅकसूट काढला. वर स्टँडमध्ये पिकअपची माणसं उभी राहिली. ढोलकी सुरू झाली.

बाहेर येणार होते विष्णूदादा. ते आमच्याच बाजूला होते, दहा पावलांवर. लंगडत लंगडत रेषेपाशी आले, टाळी द्यायला हात पुढं केला. समाधान टाळी द्यायचं सोडून वाकला आणि त्यांच्या पाया पडला.

दादा गडबडले. मग त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच! काहीतरी पुटपुटत होते, आशीर्वाद असावा. समोरच्या टीमची पोरं ओरडायला लागली, "अरे चलो, चलो!"

समाधान उठला. मला वाटलं, आता जाईल आत. तो वळला आणि थॉमस सरांच्या पाया पडला. थॉमस सर दोन्ही हात वर करून उभे. तिथून तो कदीर सरांकडं गेला. कदीर सर पाया पडू देत नाहीत, त्यांनी त्याला वरच्या वर उचलून मिठी मारली. "जा रे बाबा, जा!" मग माझ्याकडं. माझ्या एका हातात बाटली, दुसऱ्यात स्प्रे. म्हटलं, "असू दे, असू दे, यशस्वी हो, पळ!"

तो पळाला, पण बेंचच्या दुसऱ्या टोकाला! तिथं आमचा राखीव गोलकीपर बसला होता, वयानं याच्याहून मोठा. त्याच्या पाया पडला. समोरच्या टीमचा कोच मुठी आपटत होता. मैदानावरचा रेफ्री मनगटावर बोट आपटत होता. आमची पोरं गुडघ्यांवर हात ठेवून, खाली वाकून, मजेत दम खात होती.

आता राहिला होता नंबरांचा बोर्ड धरून उभा असलेला चौथा अधिकारी. चांगला पोक्त, पांढऱ्या मिशांचा माणूस. समाधान त्याच्यासमोर वाकला. त्या बिचाऱ्याचाही एक हात सवयीनं बोर्डावरून सुटला आणि वर गेला. "औक्षवंत हो बाळा!"

तेवढ्यात रेफ्री मैदान ओलांडून धावत आला आणि त्यानं समाधानच्या नाकासमोर पिवळं कार्ड धरलं. पोरानं मैदानात अजून पाऊलही टाकलं नव्हतं!

मग तो आत गेला. समोरचा विंगर चिडून थेट त्याच्यावरच आला. समाधाननं बॉल काढून घेतला आणि कुणालाही परत दिला नाही. कोपऱ्यात नेऊन अंगाआड धरून उभा राहिला, दोन जण लाथा घालतायत, हा ढिम्म. शेवटची शिट्टी झाली. मी रडत होते आणि स्प्रे चुकून स्वतःच्याच हातावर मारला होता.

थॉमस सर माझ्याजवळ आले. "वैशाली, हिज ब्रदर को बोलो, कंपनी को मना कर दे." एवढं बोलून निघून गेले. वर बघितलं तर मोठा भाऊ, अजून काही कळलेलं नसतानाच, पिकअपच्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडला होता.

सगळं शांत झाल्यावर कदीर सरांनी समाधानला ड्रेसिंग रूमच्या दारात गाठलं. मी आणि विष्णूदादा शेजारीच होतो. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, जो आवाज त्यांच्याकडं आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"सच बोल बेटा. इज्जत दे रहा था, या टाइम खा रहा था?"

समाधाननं मान खाली घातली. बुटाला लागलेला चिखल दुसऱ्या बुटानं खरवडला.

"सर, रेफ्रीबी वयानं मोठेच हायेत. त्यांच्याबी पडायचं व्हतं. पन त्यांनी आधीच कार्ड काढलं."